एकरी एक डॉलर : कर घेता न येणाऱ्या सरकारनं मोजलेली जमीन

१७८१ ते १७८९ या काळात अमेरिकेत जे पहिलं सरकार होतं, त्याला कर लावता येत नव्हता. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन या करारानं तेरा राज्यांनी काँग्रेसला, म्हणजे आपल्या प्रतिनिधींच्या सभेला, युद्धाचा, तहाचा आणि कर्ज काढायचा अधिकार दिला. खर्चाचे पैसे मात्र राज्यांकडे मागायचे, आणि ती जे देतील ते घ्यायचं. १७८२ सालासाठी काँग्रेसनं ८० लाख डॉलर मागितले. १७८३ संपेपर्यंत त्यातले १५ लाखही जमा झाले नव्हते. आयात मालावर ५ टक्के जकात बसवायचा प्रस्ताव आला, पण करारात असा बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. एकट्या ऱ्होड आयलंडनं नाही म्हटलं आणि प्रस्ताव बारगळला. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी फिलाडेल्फियात सैनिकांनी काँग्रेसच्या बैठकीच्या इमारतीलाच वेढा घातला, तेव्हा काँग्रेस तिथून उठून प्रिन्स्टनला गेली.

हे सरकार दुबळं होतं हे खरं, पण शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात निकालात निघण्याइतकं ते किरकोळ नव्हतं. आज ओहायोपासून पॅसिफिकपर्यंत विमानातून खाली जे चौकोन दिसतात, त्यांचा आराखडा याच सरकारचा आहे, आणि तो पैशाच्या चणचणीतून आला.

काँग्रेसकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती : ओहायो नदीच्या उत्तरेकडचा मुलूख. १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटननं त्यावरचा हक्क सोडला. त्यावर काही राज्यांचे जुने दावे होते. त्यातला मोठा दावा व्हर्जिनियाचा, तो मार्च १७८४ मध्ये काँग्रेसकडे आला. जमीन विकून स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडायचं ठरलं. मग प्रश्न उभा राहिला तो विकायची कशी, याचा.

व्हर्जिनियात आणि पुढे केंटकीत जमीन चतुःसीमेनं दिली जाई. 'ओढ्याच्या वळणावरच्या ओकपासून अमुक अंशात इतके पोल (लांबीचं जुनं माप), तिथून दगडापर्यंत' अशी नोंद. घेणारा आधी जागा हेरायचा, मोजणी मागाहून व्हायची. चांगल्या जमिनीचे वेडेवाकडे तुकडे आधी उचलले जात आणि मधली माळरानं तशीच पडून राहत. खुणेचं झाड पडलं की हद्द गेली. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे बसले आणि केंटकीतली कोर्टं अशा खटल्यांनी भरून गेली. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं, त्याचं मुख्य कारण लिंकननं स्वतः जमिनीच्या हक्कांची भानगड हेच लिहून ठेवलं आहे.

२० मे १७८५ च्या जमीनविषयक कायद्यानं क्रम उलटा केला : आधी मोजणी, मग विक्री. मुलूख सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये पाडायचा. प्रत्येक टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, म्हणजे अख्खी टाउनशिप २३,०४० एकरांची. १६ नंबरचा भाग सार्वजनिक शाळेसाठी. ८, ११, २६ आणि २९ हे भाग सरकारनं पुढच्या विक्रीसाठी मागे ठेवले. काही जमीन युद्धातल्या सैनिकांना द्यायला बाजूला. उरलेली लिलावात, एकरी किमान एक डॉलरनं. एक टाउनशिप अखंड विकायची, शेजारची भाग पाडून, असं आलटून पालटून.

यातलं एकरांचं गणित जुळतं ते गंटरच्या साखळीमुळे. ही साखळी ६६ फुटांची, तिला १०० कड्या, एक कडी ७.९२ इंचांची. ८० साखळ्यांचा मैल होतो आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. मोजणीदाराला गुणाकार करून फक्त दशांश चिन्ह एक घर सरकवायचं असतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे हिशेब परके वाटू नयेत. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्ध्या गंटर साखळीचा चौरस. अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूरकडून नवी मोजणी सुरू झाली, तिची साखळीही ३३ फुटांचीच, फक्त तिचे भाग सोळा आणे. अमेरिकेच्या १७९६ च्या कायद्यातही सरकारी मोजणीसाठी ३३ फुटांचीच साखळी सांगितली आहे, तिचे भाग मात्र पंचवीस. दोन्हीकडे मूळ एकच, इंग्लंडातलं सतराव्या शतकातलं माप. त्या हिशेबानं अमेरिकेतला एक चौरस मैलाचा भाग म्हणजे २५,६०० गुंठे.

कागदावर हे सगळं देखणं आहे. जमिनीवर काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

सरकारी भूगोलतज्ज्ञ टॉमस हचिन्स यानं ३० सप्टेंबर १७८५ रोजी पेनसिल्व्हेनियाची पश्चिम हद्द ओहायो नदीला मिळते तिथून, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळून, सरळ पश्चिमेला रेषा काढायला सुरुवात केली. ही मूळ रेषा ४२ मैल न्यायची होती. तिच्या दक्षिणेला नदीपर्यंत सहा-सहा मैल रुंदीचे सात उभे पट्टे, म्हणून या भागाला सेव्हन रेंजेस म्हणतात. प्रत्येक राज्यानं एक मोजणीदार पाठवायचा होता. मजुरी मैलाला दोन डॉलर, आणि साखळी ओढणारे, झाडांवर खुणा करणारे यांचा पगार त्यातूनच भागवायचा. डोंगराळ जंगलात हा दर फारच तुटपुंजा होता, आणि कामातल्या घाईचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

चुका कुठे होतात? पहिली जागा उतार. ६६ फुटांची साखळी २० अंशांच्या उतारावर तशीच जमिनीलगत टाकली, तर आडवं अंतर ६२ फूटच भरतं. एका साखळीमागे चार फूट गेले. नीट काम करायचं तर साखळी तुकड्यातुकड्यांनी आडवी धरून ओळंब्यानं टोक खाली उतरवावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. दुसरी जागा मोजदाद. पुढचा साखळीवाला खुंटी रोवतो, मागचा ती उपटून घेतो. दहा खुंट्या झाल्या की एक नोंद. एक नोंद राहिली तर ६६० फुटांचा घोटाळा. तिसरी खुद्द साखळी. कड्या आणि मधल्या वळ्यांची घासण्याची ठिकाणं शेकड्यांनी असतात, प्रत्येक ठिकाणी केसभर झीज झाली तरी साखळी काही इंचांनी लांबते, आणि लांबलेली साखळी अंतर कमी दाखवते.

चौथी गोष्ट होकायंत्राची. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, आणि तो जागेनुसार, काळानुसार बदलतो. दिशेत एका अंशाची चूक मैलामागे ९२ फूट बाजूला नेते. म्हणून १७८५ च्या कायद्यानं रेषा खऱ्या उत्तरेवरून काढायला सांगितल्या होत्या. त्यासाठी रात्री ध्रुवताऱ्याचा वेध घ्यायचा, आणि तोही नेमक्या वेळी, कारण त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जवळजवळ दोन अंश दूर होता. ढगाळ हवा, दाट झाडी, यात काम रेंगाळलं. मे १७८६ मध्ये काँग्रेसनं ही अटच काढून टाकली आणि मोजणीदार होकायंत्रावर विसंबून पुढे गेले.

पाचवी अडचण कुणाच्या हातची नव्हती. उत्तरेला जाणाऱ्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. ४० अक्षांशाच्या आसपास सहा मैल रुंदीची टाउनशिप सहा मैल उत्तरेला जाईपर्यंत सुमारे ४० फुटांनी अरुंद होते. म्हणजे 'सहा मैलांचा चौरस' आणि 'खऱ्या उत्तर-दक्षिण रेषा' या कायद्यातल्या दोन अटी एकत्र पाळताच येत नाहीत. पुढच्या कायद्यांत यावर तोडगा निघाला : सगळी तूट किंवा वाढ टाउनशिपच्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भागांत टाकायची. म्हणून आजही त्या कडेचे भाग नेमके ६४० एकर भरत नाहीत.

शिवाय सेव्हन रेंजेसमध्ये टाउनशिपच्या फक्त बाहेरच्या हद्दी प्रत्यक्ष मोजल्या. त्यांवर दर मैलाला खूण केली आणि आतल्या रेषा नकाशावर ओढल्या. आतली हद्द शोधणं खरेदीदाराच्या गळ्यात पडलं.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. जानेवारी १७८५ मध्ये फोर्ट मॅकिंटॉशला डेलावेअर, वायंडॉट, ओजिब्वे, ओटावा या मूळनिवासी जमातींच्या काही प्रतिनिधींकडून काँग्रेसनं तह लिहून घेतला, पण शॉनी जमातीचे लोक त्यात नव्हते आणि बाकीच्यांतल्याही अनेकांना तो मान्य नव्हता. पहिल्या हंगामात हचिन्सची रेषा चार मैलही पुढे गेली नव्हती तोच पश्चिमेकडून हल्ल्याची बातमी आली आणि सगळे माघारी फिरले. पुढची मोजणी सैन्याच्या पहाऱ्यात झाली. त्याच सैन्यानं नदीकाठी विनापरवाना वस्ती केलेल्या गोऱ्या कुटुंबांची घरंही जाळली, कारण फुकट बसलेला माणूस जमीन विकत घेत नाही. मुलखाचा निकाल मोजणीनं लागला नाही. १७९१ मध्ये सेंट क्लेअर या अमेरिकी सेनापतीच्या फौजेचे सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले, १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सला मूळनिवासींच्या संघाचा पराभव झाला, आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानं तो मुलूख त्यांच्याकडून काढून घेतला. ज्या जमिनीचे चौकोन पाडले गेले ती कुणाची होती, हे सांगितल्याशिवाय या मोजणीचं कौतुक अपुरं आहे.

विक्रीचा अंदाज तर पुरता फसला. १७८७ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कला पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव झाला. पूर्ण पैसे भरले गेले ते सुमारे ७३ हजार एकरांचे, रक्कम सुमारे १ लाख १७ हजार डॉलर, तीही मुख्यतः सरकारी कर्जरोख्यांत. कारण साधं आहे : सर्वांत लहान तुकडा ६४० एकरांचा, म्हणजे किमान ६४० डॉलर, आणि लिलाव जमिनीपासून शेकडो मैलांवर. कसणाऱ्याला हे कसं परवडणार? परवडलं ते पडत्या भावात कर्जरोखे गोळा करणाऱ्यांना. त्याच साली ओहायो कंपनी या जमीन घेणाऱ्या खाजगी कंपनीनं १५ लाख एकरांचा करार केला, तोही ठरलेल्या दरात खराब जमिनीपोटी सूट घेऊन. लहान शेतकऱ्याला वाट मिळायला वेळ लागला : किमान तुकडा १८०० मध्ये ३२० एकर, १८०४ मध्ये १६० आणि १८२० मध्ये ८० एकर, दर सव्वा डॉलर.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचं खरेदीखत कधी पाहिलंत तर त्यात 'वायव्य चतुर्थांशाचा नैर्ऋत्य चतुर्थांश, भाग १६, टाउनशिप २ उत्तर, रेंज ३ पश्चिम' अशा धर्तीची ओळ सापडू शकते. ती शेवटाकडून वाचायची. आधी रेंज, म्हणजे मूळ उभ्या रेषेपासून तिसरा पट्टा पश्चिमेला. मग टाउनशिप, आडव्या मूळ रेषेपासून दुसरी उत्तरेला. मग १६ वा भाग. त्याचा वायव्येचा पाव हिस्सा १६० एकर, त्याचा नैर्ऋत्येचा पाव हिस्सा ४० एकर. भागांचे नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला जातात, पुढच्या ओळीत उलट पूर्वेला, असे नागमोडी. सेव्हन रेंजेसमधली जमीन असेल तर मात्र १७८५ ची जुनी पद्धत धरा : नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन उत्तरेला चढतात, आणि ७ नंबर पुन्हा दक्षिणेच्या कडेला, १ च्या पश्चिमेला येतो.