हळदीच्या काट्यावर ऑडी

हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातल्या अडत्याकडे वजनकाटा उसना मागणं म्हणजे ऐन लग्नसराईत आचाऱ्याकडे कढई मागण्यासारखं. मी एक नाही, चार मागितले. ज्यांच्याकडे मागितले त्यांच्याच पोराची गाडी होती, म्हणून मिळाले. तेही रात्री आठ ते सकाळी सातपर्यंत, कारण त्यानंतर सौदे.

माझं गॅरेज सांगलीत माधवनगर रोडला. कामं म्हणाल तर बोलेरो, स्विफ्ट आणि तासगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या पिकअप. पण तरुणपणी तीन वर्षं कोइमतूरला रेसिंगच्या एका वर्कशॉपमध्ये काढली आहेत. तिथं हाताला लागलेली विद्या इथं वर्षातून दोनदाच बाहेर निघते.

धाकट्या शेठनी पुण्याहून दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी सेकंडहँड आणली होती. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून तिला कॉइलओव्हर बसवून घेतले, म्हणजे उंची आणि कडकपणा हवा तसा बदलता येतो ते शॉकअप. गाडी दिसायला देखणी झाली, जमिनीला टेकलेली. पण थोरले शेठ एकदा तासगावपर्यंत बसून गेले आणि परत येताना एसटीने आले.

"मणका मोजून निघाला," धाकटे शेठ म्हणाले. "गाडी नुसती आदळालीय. मागच्या स्प्रिंगा नऊच्या आहेत, पुढच्या सातच्या. बाबा पुढे बसले तरी हे हाल. मागच्या सहाच्या टाकू की सेटच नवीन घेऊ?" मोबाईलवर त्यांनी सेट काढूनच ठेवला होता. त्याच्या किमतीत आमच्याकडे बरी जुनी अल्टो येते.

नऊ म्हणजे एक मिलिमीटर दबायला नऊ किलो. ऐकायला कडकच. पण ह्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपवर नसते, ती वेगळी, आडव्या आर्मवर बसते आणि चाकापेक्षा बरीच आत. पहार मध्ये धरली तर जोर जास्त लागतो, तसला प्रकार. मी मागच्या आर्मखाली जॅक लावला, चाक पन्नास मिलिमीटर उचललं आणि टेपने स्प्रिंग मोजली. बत्तीस दबली होती. बत्तीस भागिले पन्नास, ०.६४. ह्याचा वर्ग करायचा असतो, कारण स्प्रिंग कमी दबते आणि वर तिचा जोरही चाकापर्यंत कमीच पोचतो. आले ०.४१. नऊ गुणिले ०.४१, म्हणजे चाकाला मिळतात पावणेचारपेक्षा कमी. पुढची स्प्रिंग शॉकअपवरच आणि जवळजवळ उभी, तिचे सातातले सहा-सव्वासहा चाकाला मिळतात. मागे सहाच्या टाकल्या असत्या तर चाकाला अडीच उरले असते आणि मागचा भाग नुसता लोळला असता.

मग आदळतंय काय?

गाडी पुढून जॅकवर घेतली, चाक काढलं आणि स्प्रिंगला हात लावला. ती फिरली. हाताने, भोवऱ्यासारखी. वर-खाली बोटभर खेळत होती. तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

ह्या सेटमध्ये उंची दोन ठिकाणी बदलते. खालचं ब्रॅकेट फिरवलं तर अख्खा शॉकअप लहान-मोठा होतो, आतल्या दांड्याचा प्रवास तेवढाच राहतो. वरची स्प्रिंगची रिंग खाली सोडली तरी गाडी बसते, पण ती शॉकअपचाच प्रवास खाऊन बसते. बसवणाऱ्याने सोपा रस्ता धरला होता, रिंग सोडून दिली होती. गाडी जमिनीवर उभी असतानाच दांडा बंप स्टॉपच्या रबरापासून, म्हणजे शॉकअप पुरता दबला की शेवटी ज्यावर आदळतो त्या रबरापासून, फक्त अठरा मिलिमीटरवर होता.

दांड्याला एक केबल टाय आवळून बांधला. कोइमतूरची सगळ्यात स्वस्त विद्या हीच. दांडा जिथपर्यंत आत गेला तिथं टाय सरकून थांबतो, खोटं बोलत नाही. बुधगावपर्यंत जाऊन आलो. इकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा डांबर लाटांसारखा होतो. त्यात ऊस कारखान्याला नेणाऱ्या जोड-ट्रॉल्या. काही पट्ट्यांत दोन-अडीच मीटरवर एक वळकटी. सत्तरच्या वेगाला सेकंदाला आठ-दहा धक्के.

परत येऊन बघितलं तर टाय रबरात रुतलेला. गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबराच्या बोळ्यावर चालली होती.

दुसरं अर्धं उत्तर वरच्या खुंटीत. बत्तीस क्लिकचं ॲडजस्टमेंट आणि ते पूर्ण कडकपासून चारवर ठेवलेलं. ह्या सेटमध्ये ही खुंटी मुख्यतः रिबाउंड बदलते, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडू द्यायची ते. फार आवळली तर पहिल्या वळकटीला दबलेलं चाक सुटायच्या आत दुसरी येते, मग तिसरी. गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी रबर. शेठ म्हणाले होते, "सुरुवातीला बरी वाटते, मग पुढं पुढं जास्तच हाणते." हे वाक्य मी आधीच नीट ऐकलं असतं तर जॅकसुद्धा लावावा लागला नसता.

सेट बदलायचा नाही असं तिथंच सांगितलं. मुळात सेट वाईट नव्हता. मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, खालचं ब्रॅकेट वेगळं, दुरुस्तीला सील किट मिळणारं. मी निवडला असता तर एवढंच बघितलं असतं, शिवाय वर लोखंडी गोळ्याच्या माउंटऐवजी रबरी. इथल्या धुळीत तो गोळा लवकरच कटकटायला लागतो. पण ते पुढच्या वेळी.

रिंगा मातीने जाम. वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि हुक पाना, दोन तास त्यातच गेले. मग रिंग वर घेऊन स्प्रिंग नुसती टेकवली आणि वर तीन मिलिमीटर ताण दिला. ताण दिल्याने स्प्रिंग कडक होत नाही, सातची सातच राहते. हे धाकट्या शेठना तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांनी परत विचारलं. रिंग एकूण पंचवीस वर गेली, रबरापर्यंतचे अठरा मिलिमीटर त्रेचाळीस झाले. उंची मग खालच्या ब्रॅकेटने. शेठना जुनीच हवी होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडचा गावठी ब्रेकर उंची तेवढीच घेतो, रुंदी मात्र पाटाएवढी. पंधरा मिलिमीटर उंच करायला लावलीच.

आता काटे. दुकानात चारही कोपरे चाक आणि फेंडरमधली फट बघून लावले होते. पण फट सारखी म्हणजे वजन सारखं नव्हे. डगमगणारं टेबल दिसायला सरळच दिसतं.

टेम्पोतून चार प्लॅटफॉर्म काटे आले, पाचशे किलोचे, हळदीने पिवळेधमक. बरोबर त्यांचे तोलाईदार मामा. "काट्याला पासिंगचं शील हाय. तुटलं तर उद्या सौदा थांबंल, मग जबाबदार कोण, तुमी?" असं म्हणून ते खुर्ची टाकून तिथंच बसले, ते सकाळपर्यंत.

फरशी सपाट लागते. गवंड्याची पाण्याची नळी आणून चारही काटे एका पातळीत घेतले, खाली पत्र्याचे तुकडे सारून. टायरखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे, म्हणजे चाक सरकून सस्पेन्शन मोकळं बसतं. टायरची हवा सारखी केली. ड्रायव्हरचं वजन सीटवर हवं आणि धाकट्या शेठना रात्रभर कोण बसवून ठेवणार? मामांनीच तोडगा काढला. पन्नास किलोचं एक पोतं आणि पंचवीसचं एक, काट्यावर तोलून, ड्रायव्हरच्या सीटवर. खाली चादर घातली होती. तरी शिवणीत पिवळं गेलंच.

पहिला तास माझ्या चुकीने वाया गेला. स्टॅबिलायझर बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, त्याच्या लिंका सोडायला विसरलो. एक कोपरा हलवला की बार दुसऱ्याला ओढायचा, आकडे नाचत राहायचे. लिंका काढल्यावर आकडे थांबले: पुढे डावा ४१२, उजवा ४७८, मागे डावा ३३१, उजवा २८४. ४७८ बघून मामा खुर्चीतून उठले. "पाचशेचाच हाय बरं का काटा!"

एकूण १५०५. पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ८०९, म्हणजे जवळजवळ चोपन्न टक्के वजन एकाच तिरक्या जोडीवर. अशी गाडी डावीकडे एक वळते, उजवीकडे भलतीच. रिंगा, ब्रॅकेट कितीही फिरवा, डाव्या बाजूची बेरीज ७४३ राहते आणि पुढची ८९०. बदलतो फक्त तिरका हिशेब. मामांना हे पटेना. दर फेरीला ते पावतीच्या पाठीमागे बेरीज मांडायचे आणि दर वेळी ७४३. "च्यायला," म्हणाले.

जड जोडीचे कोपरे पाच-पाच, सहा-सहा मिलिमीटर खाली, हलक्या जोडीचे तेवढेच वर, पुढे ब्रॅकेटने, मागे रिंगने. ह्या सेटला एका फेऱ्यात दोन मिलिमीटर. प्रत्येक वेळी चारही कोपरे दाबून हलवायचे, बसू द्यायचे, मग वाचायचं. मामा आकडा ओरडायचे तो यार्डातल्याच चालीत. अडीच वाजता ४३८, ४५२, ३०५, ३१०. तिरकी जोडी ७५७, पन्नास टक्क्यांच्या किंचित वर. तिथं थांबलो.

पहाटे पाचला पुन्हा बुधगावचा रस्ता. क्लिक सव्वीसवर नेऊन बघितले. वळकट्यांवर मऊ, पण लांब लाटांवर गाडी होडीसारखी डुलायला लागली. पुढे अठरा, मागे वीस ठेवल्यावर दोन्हींना जमलं. टाय बघितला, त्रेचाळीसपैकी एकतीस वापरले, बारा शिल्लक. व्हील अलाइनमेंट आणि गाडीच्या उंचीप्रमाणे हेडलाइट वर-खाली करणाऱ्या सेन्सरची पट्टी दुपारवर ठेवली, तोवर हळू चालवा म्हणून बजावलं.

थोरले शेठ काटे न्यायला स्वतःच आले. गाडीत बसले, गेटपर्यंत जाऊन आले, उतरले. "रोडला जाऊन मग सांगतो," म्हणाले. बिलाचं काही बोलले नाहीत. दोन्ही पोती परत काट्यावर ठेवून बघितली तेवढी.

मामा मात्र निघेनात. त्यांची जुनी स्प्लेंडर माझ्या पुढ्यात आणून उभी केली. "मिस्त्री, हिचं पण बघा की. एका बाजूला ओढतीय."

मागच्या शॉकअपच्या खाचा बघितल्या. डावा दुसरीवर, उजवा चौथीवर. पाना लावून दोन्ही तिसरीवर आणले.

"काट्यावर घेऊया का?" मामांनी विचारलं. टेम्पो हॉर्न मारत होता.