जुन्या फाँटने खाल्लेले अकरा दिवस

मे महिन्यातले अकरा दिवस एका जुन्या मराठी फाँटने खाल्ले, आणि मी मात्र एआयला शिव्या घालत बसले होते.

माझ्या संशोधनाचा विषय लासलगावच्या कांदा बाजारातल्या महिला मजूर. इंग्रजी लेख एलिसिट आणि सिमॅन्टिक स्कॉलर या संशोधन-लेख शोधणाऱ्या एआय टूल्सवर चार संध्याकाळीत आटपले. घोडं अडलं मराठी प्रबंधांपाशी. शोधगंगेवरून, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून, सात प्रबंध उतरवले आणि एका एआय टूलमध्ये टाकले. सारांश झकास आला! एका प्रबंधाबद्दल लिहिलं होतं, संशोधिकेने मजूर स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मी ते तसंच मार्गदर्शक सरांना दिलं. सर म्हणाले,

"अहो, या प्रबंधाचा परीक्षक मीच होतो. एकही मुलाखत नाही त्यात. सगळं काम बाजार समितीच्या दप्तरावरून केलंय."

कानशिलं तापली. मग फायली पुन्हा चढवल्या, प्रश्न बदलले, टूलही बदललं. तेच. शेवटी सार्वजनिक वाचनालयात बसले असताना एक अवतरण हवं होतं म्हणून पीडीएफमधली ओळ उचलून वर्डमध्ये चिकटवली. कांद्याच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं, डोक्यावर टोप्या घातलेले ई! प्रबंध युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, नव्हताच; जुन्या फाँटमध्ये होता. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचे कोड असतात आणि यंत्र तेच वाचतं. त्याला कळलं होतं फक्त इंग्रजी शीर्षक आणि गोषवारा. बाकीचं त्याने ठोकून दिलं. माहीत नाही म्हणायला काय जात होतं?

उपाय कंटाळवाणा आहे. पानांची चित्रं करून गुगल ड्राइव्हवर टाकायची आणि गुगल डॉक्समध्ये उघडायची, की मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. फाईल २ एमबीच्या आत ठेवा. जोडाक्षरं चुकतात, तक्ते तर पार मोडतात, त्यामुळे आकडे मूळ पानावरूनच घ्या. फाँटचं नाव कळलं तर जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने काम मिनिटांत होतं, हे मला तीन प्रबंध उरकल्यावर कळलं. आणि हो, शोधगंगेवर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते. उतरवतानाच नावं द्या. माझ्याकडे 'प्रकरण ५' नावाच्या सात फायली होत्या.

आता विभागातल्या तिघी आपापले प्रबंध घेऊन माझ्याकडे येतात. कोणतं टूल चांगलं, विचारतात. मी म्हणते, आधी एक ओळ वर्डमध्ये चिकटवून दाखव.