तीस फुटांची गाडी आणि वरचे आठ इंच

भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात घेताना सगळे आत शिरून फ्रीज, गॅस, पलंग बघत होते. अण्णा मात्र गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "टेप आहे का?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर, वाई डेपो, आणि त्यातली बरीचशी पसरणी घाटात गेलेली. सहा महिन्यांसाठी ते आणि आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले होते. सप्टेंबरात पाचजणांनी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जायचं आणि तंबूत झोपणं आईंच्या गुडघ्यांना जमणार नाही, म्हणून हा घरासकट रथ. चालवणार मी. नवऱ्याला मोठ्या गाडीची भीती वाटते, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, म्हणून इथेही लिहायला हरकत नाही.

काउंटरवरून टेप मिळाला. कागदावर गाडी तीस फुटी होती. पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत भरली 30 फूट 8 इंच. शिवाय आम्ही हौसेने सायकलींचा रॅक मागे लावून घेतला होता, तो धरून जवळजवळ 33. "तीस म्हणजे अंदाजे तीस," काउंटरवरचा मुलगा हसत म्हणाला. मला हसू आलं नाही, कारण आमच्या साइटच्या, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या आमच्या ठरलेल्या जागेच्या, बुकिंगच्या पानावर वाहनाची कमाल लांबी 30 फूट लिहिली होती.

योसेमिटी व्हॅलीतल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी सात वाजता उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. एप्रिलात तीन लॅपटॉप उघडून बसलो होतो. लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्समध्ये 40 फुटांपर्यंतची आरव्ही चालते, अप्पर पाइन्समध्ये 35. हे आकडे वाचून आमच्या तिसाला खूप जागा आहे असं वाटलं होतं. पण तो आकडा अख्ख्या कॅम्पग्राउंडचा असतो, तुमच्या साइटचा नाही. तिथल्या सर्वांत ऐसपैस जागेत जास्तीत जास्त काय मावेल, एवढंच तो सांगतो. पुढे प्रत्येक साइटची लांबी वेगळी. चाळीस फुटी गाडी उभी राहू शकेल अशा जागा अख्ख्या व्हॅलीत डझनभरच आहेत. आम्हाला मिळाली ती अप्पर पाइन्समधली, तिसाची. तेव्हा वाटलं, अगदी मापात!

अण्णांचा दुसरा प्रश्न लायसन्सचा होता. कॅलिफोर्नियात 40 फुटांपर्यंतचं असं घर साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतं, हे ऐकून ते काही वेळ गप्पच झाले. "बॅज नाही? ट्रायल नाही?" नाही. "मग देव तुमचं भलं करो," असं म्हणून ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर बसायची त्यांना सवय नव्हती. पहिले पन्नास मैल त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

120 नंबरच्या रस्त्यावर मोकासिन सोडलं की घाट लागतो. जुना प्रीस्ट ग्रेड सरळ डोंगराच्या अंगावर चढतो, अंतर कमी आणि चढ जीवघेणा. नवा लांब आहे, वळणावळणाचा. मोठ्या गाड्यांनी नव्यानेच जायचं. प्रत्येक वळणावर अण्णा एकच वाक्य म्हणत होते, "मागचं चाक बघ, मागचं." लांब गाडीचं पुढचं चाक वळणातून नीट गेलं तरी मागचं आतल्या बाजूने कापत येतं. पसरणी घाटात हे कठड्याला कळतं, इथे दरीला कळलं असतं.

व्हॅलीत पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अप्पर पाइन्समध्ये 235 साइट्स आहेत. रस्ते एकेरी, अरुंद, दोन्ही बाजूंना पाइन आणि सीडर. आमची साइट म्हणजे रस्त्यातून तिरपी फुटलेली डांबराची जीभ, शेवटी आडवा ओंडका, डावीकडे चांगला मोठा धोंडा, उजवीकडे अस्वलांपासून अन्न ठेवायची लोखंडी पेटी. गाडी उलटी घालायची.

अण्णा खाली उतरले, साइट पावलांनी मोजली आणि मागे उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे... आता क्लीनरकडं फुल मार!"

मी फुल मारलं, उजवीकडे. पत्र्यावर धाडकन थाप पडली. "अगं, क्लीनरकडं म्हटलं!"

आमच्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून क्लीनर साइड म्हणजे डावी. इथे ड्रायव्हर डावीकडे. माझ्या डोक्यातला क्लीनर माझ्या शेजारी उजवीकडे बसलेला, अण्णांच्या डोक्यातला वाई डेपोत. धोंडा आणि शिडी यांच्यात तीन बोटांचं अंतर उरलं होतं. तोवर मागे दोन गाड्या तुंबल्या होत्या आणि समोरच्या साइटवरचं जोडपं खुर्च्या आमच्याकडे वळवून बसलं होतं. फुकटचं नाटक कोण सोडतो?

मग माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तोडगा काढला. डावी-उजवी, ड्रायव्हर-क्लीनर काही नाही. एक "पेटीकडं" आणि एक "धोंड्याकडं". शिवाय अण्णांची जुनी खूण, पत्र्यावर हलक्या दोन थापा म्हणजे ये, एक जोरात म्हणजे थांब. मी फक्त आरशात बघायचं आणि आरशात अण्णा दिसेनासे झाले की ब्रेक. हा शेवटचा नियम त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला.

सायकली आणि रॅक आधीच काढून पेटीजवळ ठेवले होते. राहिले आठ इंच. ते मिटले अण्णांच्या एका निरीक्षणाने. मागच्या चाकांच्या पुढे... नाही, चाकांच्या मागे या गाडीचं धड जवळजवळ दहा फूट लोंबतं. डांबर लागतं चाकांना, धडाला नाही. चाकं ओंडक्याला टेकली आणि शेपूट ओंडक्यापलीकडे मोकळ्या मातीवर अधांतरी राहिली. मागे झाड असतं तर हा हिशोब जमला नसता. आणि जिथे झुडपं आहेत तिथे त्यांच्यावर गाडी लोटायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पुढचा बंपर रस्त्याच्या कडेपासून चांगला आत आला. संध्याकाळी रेंजरबाई फेरीवर आल्या, त्यांनी आधी नाक बघितलं, मग शेपूट, आणि मान हलवून पुढे गेल्या. नियमाने आम्ही आठ इंच चुकलेलोच होतो. पुन्हा मी ती साइट घेणार नाही.

ही तिरपी जीभ, तो धोंडा, तो ओंडका, हे सगळं कोणी मुद्दाम आखलंय, हे मला आधी माहीत नव्हतं. 1920च्या दशकात अमेरिकेत लोक मोटारी घेऊन जंगलात शिरले आणि वाटेल तिथे झाडाखाली उभ्या करू लागले. चाकांनी आणि पायांनी माती इतकी दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळेना. एमिलिओ मायनेकी हा वनखात्यातला वनस्पतिरोगतज्ज्ञ. त्याने कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या बनांत हे बघून 1929 मध्ये धोक्याची घंटा वाजवली आणि 1932 मध्ये उपाय मांडला. एकेरी गोल रस्ता, त्याला तिरप्या फुटलेल्या छोट्या जागा आणि त्यांच्या कडेला धोंडे-ओंडके, म्हणजे मोटार त्यापलीकडे जाऊच शकणार नाही. पुढे 1933 पासून सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कॉर्प्स या बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या पोरांनी देशभर अशी कॅम्पग्राउंड्स बांधली. ती जीभ तेव्हाच्या मोटारीच्या मापाची होती. लांबीची मर्यादा मला काउंटरवरच्या कारकुनाची खोड वाटत होती, प्रत्यक्षात तिच्या मुळाशी खरोखरच मुळं होती.

ट्रेलरवाल्यांना तर त्याच अप्पर पाइन्समध्ये 24 फुटांचीच परवानगी आहे. ते ऐकून नवरा म्हणाला, हा अन्याय आहे. अण्णा म्हणाले, "उसाची ट्रॉली कधी मागं घेतलीस का?" विषय संपला.

व्हॅलीत विजेची जोडणी कुठल्याच साइटला नाही. जनरेटर सकाळी सात ते नऊ, दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते सात. आईंनी पावणेसातला कुकर लावला, म्हणजे विजेचा तांदळाचा. सातच्या ठोक्याला जनरेटर बंद, भात अर्धा कच्चा. उरलेला गॅसवर झाला. रात्री हाफ डोमच्या कड्यावर चांदणं पडलं होतं, त्यावर सगळेच लिहितात, मी सोडून देते.

तीन दिवसांनी सेक्वोया राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो. नकाशा सांगत होता दक्षिणेच्या दाराने जा. पण तिथे पॉटविशा कॅम्पग्राउंड ते जायंट फॉरेस्ट म्युझियम एवढ्या जनरल्स हायवेवर 22 फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नका असं उद्यानाचंच सांगणं आहे. रस्त्याचं माप आधी बघायचं, साइटचं नंतर. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात तर गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात 21 फुटांपुढच्या गाडीला चक्क बंदी आहे. आपली साइट कितीही लांब असो, तिथवर पोचायला हवं ना. आम्ही फ्रेस्नोवरून 180 नंबरचा रस्ता धरला आणि ग्रँट ग्रोव्हमधल्या अझेलिया कॅम्पग्राउंडला उतरलो. इथे मी एका झटक्यात गाडी लावली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त पत्र्यावर एकदा थाप मारली.

अझेलियाहून निघायच्या दिवशी सकाळी आवराआवर चालू होती. एक गोरे आजोबा आले. त्यांची भलीमोठी गाडी रस्त्यावर घरघरत उभी होती आणि त्यांना आमची साइट हवी होती. मी तोंड उघडायच्या आत अण्णा चहाचा कप ठेवून उठले. ओंडक्यापासून रस्त्यापर्यंत पावलं टाकत गेले, मग त्या गाडीच्या कडेने नाकापासून शेपटीपर्यंत पावलं टाकत आले, आणि आजोबांसमोर उभं राहून मान हलवली.

"नो."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हे ड्रायव्हर आहेत. ते थँक्यू म्हणून परत गेले.

अण्णांनी कप उचलला. चहा गार झाला होता. "दोन पावलं जास्त आहे," ते म्हणाले, "आणि मागं झाड आहे."