तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, मुलांना तांबट आळीत कशाला नेता?

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलांना पुण्यातल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, नेते. पालकसभेत एक हात वर होतोच. "बाई, तांबट आळी, कुंभारवाडा हे सगळं ठीक आहे, पण ग्रेडची तयारी कधी करून घेणार?" इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंय, की एकदाचं लिहूनच टाकते.

ग्रेडची, म्हणजे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची, तयारी होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, सगळं होतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीत ७ गुण, बीला ५, सीला ३, हे मलाही तुमच्याइतकंच पाठ आहे. खरं तर त्या ७ गुणांची लालूच नसती तर माझा तास गणिताने केव्हाच गिळला असता. म्हणून परीक्षेला मी नावं ठेवत नाही. म्हणजे, फार ठेवत नाही. स्मरणचित्राला 'बाजार' दिला की चाळीस कागदांवर तोच फुगेवाला आणि तीच टोपलीवाली पाठमोरी बाई येते, एवढंच खटकतं. शाळेतून मंडई चालत दहा मिनिटांवर. तो अष्टकोनी मनोरा रोज बघणारी मुलं, आणि कागदावर बाजार उतरतो तो गाइडातला! तिथून हे फिरणं सुरू झालं.

तेव्हा त्याला भटकंती म्हणायचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावं असं आलं आणि माझ्या भटकंतीचा उपक्रम झाला. आता तिचे फोटो लागतात.

पण तुम्ही विचारता तेव्हा मी गडबडते, उगाच चढ्या आवाजात बोलते, त्याचं कारण ग्रेड नाही.

आठवीच्या एका वर्गात आळीतलाच एक मुलगा होता. हजेरीपटावरचा पत्ता बघून मी परस्पर त्याच्या वडिलांना भेटले. म्हटलं, वर्गाला घेऊन येते, तुमचं काम दाखवा. त्यांनी आढेवेढे न घेता हो म्हटलं. मुलाला मी काही बोलले नाही, म्हटलं गंमत होईल. त्याने मित्रांना 'बाबांचं भांड्यांचं दुकान आहे' असं सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

कसब्यातल्या त्या गल्लीत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात. वडील जमिनीवर बसून घागर मठारत होते, म्हणजे हातोड्याने ठोके देत होते. एका ठोक्याला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, ओळ जराही तुटत नव्हती. मुलं कानात बोटं घालून बघत होती. मठारल्याने पत्रा कडक होतो, भांड्याला लवकर पोचे पडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मुलांना तोवर ती नक्षीच वाटत होती. मलाही, खरं सांगायचं तर.

मग मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "मुलांनो, हे कोण माहितीये? आपल्या वर्गातल्या अमक्याचे बाबा. खरे कलाकार!"

सगळा वर्ग वळला. तो दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी तो बराच वेळ बांधत राहिला.

एकाने विचारलं, "काका, एवढ्या आवाजात तुम्हाला ऐकू येतं?" वडील म्हणाले, "काय?" पोरं फिदीफिदी हसली. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा "काय?" आता सगळेच हसले. आणि मी रागावले नाही. वेळ निभावून न्यायला मीही हसले. जन्मभर तांब्यावर हातोडा चालवलेल्या माणसाचे कान कसे होतात, हे कळायला चित्रकलेची पदविका लागत नाही.

पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन लावलं. भिंतभर हातोडे आणि घागरी. त्याच्या कागदावर मात्र स्टीलचा तांब्या, वाटी, एक कांदा आणि मागे पडद्याच्या चुण्या. परीक्षेतलं वस्तुचित्र, छायाप्रकाशासकट अगदी चोख. वडील आले होते. एकेक चित्र बघत पोराच्या कागदापाशी पोचले, थांबले, "सफाई आहे हाताला" म्हणाले. मग इतरांच्या भिंतीकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, हातोडा असा धरला तर दुसऱ्या दिवशी हात उचलणार नाही."

मुलाला ए ग्रेड मिळाली. त्याचे ७ गुण त्याने घेतले. माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

त्या वर्षीच्या माझ्या टाचणात उद्दिष्ट लिहिलंय: 'परिसरातील कारागिरीविषयी अभिमान निर्माण करणे'. ते वाचलं की ते लिहिणाऱ्या बाईंना, म्हणजे तेव्हाच्या मलाच, विचारावंसं वाटतं, अभिमान कुणाला वाटायचा होता? घागर सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये शोभेला ठेवणाऱ्यांना, की रात्री घरी जाऊन त्याच आवाजात अभ्यास करणाऱ्याला? त्या बाईही गप्प बसणाऱ्या नाहीत. म्हणतात, मग काय, वर्गात बसून कांदे काढायचे?

आता मी सहा-सहा मुलं नेते. कारागिराचा वेळ जातो त्याचे पैसे देते, मुलांच्या हातात हातोडा देऊन दोन ठोके मारायला लावते. 'कलाकार' हा शब्द तोंडातून काढत नाही. आणि ज्याचं घर त्या गल्लीत आहे त्याला आधी एकटं गाठून विचारते, नेऊ का सगळ्यांना? 'नको' म्हणाला तर नेत नाही. पण तो नको म्हणतो आणि मी मान डोलावते, तेव्हा हे लपवण्यासारखंच आहे असं आम्ही दोघांनी ठरवल्यासारखं होतं. ते मला अजून झेपलेलं नाही. एका वर्षी त्यापायी तांबट आळी पूर्ण गाळली आणि सगळ्यांना बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांच्या बुरुड आळीत नेलं. सोपं पडलं. फार सोपं पडलं.

तर हो, पुढच्या बुधवारी नेणार आहे. पहिले सहा जण. वही आणि पेन्सिल पुरे, आणि कानात घालायला कापूस द्या.