होडी फिरली आणि करंट गेला

अलिबाग-उरणकडच्या बंगल्यांवर सोलर बसवणं हा माझा धंदा. छप्पर बघायचं, दक्षिणेला तोंड करून १९-२० अंशांचा उतार द्यायचा, नारळाची सावली कुठवर येते ते दुपारभर बघायचं, की झालं. त्यामुळे मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेल्या एका चीफ इंजिनियर साहेबांचा ‘शिडाच्या होडीवरचं पॅनेल बघायला याल का’ असा फोन आला, तेव्हा मी हो म्हटलं ते निम्मं कुतूहलापोटी.

होडी गेटवेसमोर पाण्यातच बांधून ठेवलेली. २४ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. दोन माणसं पाय दुमडून बसतील एवढी केबिन आणि तिच्यात १०० अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी. तक्रार अशी की केबिनच्या टपावर १०० वॅटचं पातळ, लवचीक पॅनेल चिकटवलेलं असूनही बॅटरी आठवड्याभरात बसते. मग ती तीसेक किलोची बॅटरी डिंगीत, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीत घालायची, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वर चढवायची आणि चार्जिंगला न्यायची. हे काम होडी सांभाळणाऱ्या तांडेलकाकांच्या वाट्याला, त्यामुळे त्यांचा सोलरवर विशेष राग.

खरं तर होडीची भूक फार नव्हती. डोलकाठीवरचा रात्रभर जळणारा दिवा एलईडीचा, २ वॅटचा. बारा तासांत त्याला जेमतेम २ अँपिअर-अवर लागतात. समुद्रात निघाल्यावर व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आणि सुकाणू धरणारं छोटं यंत्र मिळून दिवसाला वीस-पंचवीस. पण सगळ्यात महत्त्वाचा होता तळातला पंप. होडीच्या पोटात पाणी साठलं की तो आपोआप चालू होतो. बॅटरी मेली तर होडीवर कुणी नसताना पंपही मेला. साहेबांना झोप येत नव्हती ती त्या पंपापायी.

मार्चमधली सकाळ होती, भरती चालू होती. आम्ही पोहोचलो तेव्हा होडीचं नाक दक्षिणेला, प्रॉन्ग्ज दीपगृहाकडे होतं. पॅनेलवर स्वच्छ ऊन. वायरला क्लॅम्प मीटर लावला, ४.४ अँपिअर. त्या वेळच्या उन्हाला १०० वॅटच्या पॅनेलकडून याहून जास्त काय मागणार? साहेब माझ्याकडे बघायला लागले. बसवणाऱ्यानेही असंच मीटर लावून दाखवलं होतं म्हणाले, आणि पैसे घेऊन गेला होता.

मी खाली वायरिंग उघडायला बसलो. घरातली साधी वायर वापरलेली. सोलून बघितली तर तांबं आतून काळं पडलेलं, टोकाला हिरवी भुकटी. खाऱ्या हवेत वायरच्या आत ओल चढत जाते. होडीवर कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर लागते. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता, आणि ही गोष्ट मला पॅनेलपेक्षा गंभीर वाटली. शॉर्ट झाला तर आग लागणार ती बॅटरीच्या जोरावर आणि चारही बाजूंनी पाणी असताना पळणार कुठे? पण एवढ्याने बॅटरी रिकामी राहत नाही. चार अँपिअर आत जात होतेच की.

‘मिस्त्री, सुकती लागली की मग बघा,’ तांडेलकाका वरून म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी.

अकराच्या सुमारास होडी सावकाश वळायला लागली. मुंबई बंदरात उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, प्रवाहाला जोर असतो आणि बांधलेली होडी नाक नेहमी प्रवाहाकडे करते. पाहता पाहता नाक माझगावच्या दिशेला गेलं. पॅनेल होतं डाव्या अंगाला, म्हणजे सकाळपासून पूर्वेकडे. आता ते पश्चिमेला आलं, सूर्य मात्र अजून पूर्वेलाच. टपाच्या दोन-अडीच फूट वर आडवा बूम, म्हणजे शिडाची खालची कड धरणारा दांडा, त्याच्यावर घडी घातलेलं शीड, शिडावर निळं कव्हर. त्या सगळ्याची सावली सरकत सरकत पॅनेलवर चढली आणि पॅनेलची उभी अर्धी बाजू तिने झाकली.

मीटर ०.३ वर.

साहेब इंजिनियर माणूस, त्यांनी लगेच विचारलं, ‘अर्ध्या सावलीला अर्धा करंट हवा ना?’ तसं होत नाही. पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. १८-१८ च्या दोन गटांना एकेक बायपास डायोड असतो. एका गटावर सावली आली की डायोड त्याला बाजूला काढतो. राहिलेला गट देतो ९ व्होल्ट, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत ९ व्होल्टने काहीही शिरत नाही. त्यात चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर होता स्वस्तातला, पीडब्ल्यूएम जातीचा, तो पॅनेल नुसतं बॅटरीला जोडतो नि तोडतो. मीटरवर दिसत होतं ते आजूबाजूच्या उजेडाचं. छपराला दिशा असते, तिथे सावली कधी येणार ते आधी सांगता येतं. इथे दक्षिण दर सहा तासांनी बदलते, आणि मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर आला की बूमची सावली थेट खाली.

साहेबांनी मग केरळच्या ‘आदित्य’ फेरीचा दाखला दिला. वैकम-तवणक्कडवू मार्गावर २०१७ पासून ती सोलरवर चालते, ७५ माणसं नेते, मग आपला एक दिवा का चालू नये? मी म्हटलं, तिला अख्खं छप्पर आहे आणि वर ना डोलकाठी ना शीड. शिडाच्या होडीवर उन्हाची जागा आणि शिडाची जागा एकच असते, भांडण तिथेच आहे.

जागा शोधायला आम्ही होडीवर अक्षरशः रांगलो. पुढच्या डेकवर पाय पडतात, नांगराची दोरी ओढली जाते. सरकत्या झाकणावर पॅनेल लावलं तर झाकण उघडल्यावर ते बूमखाली. शेवटी उरलं मागचं रेलिंग, बूमच्या टोकाच्याही मागे. मी ५० वॅटची दोन कडक पॅनेलं ठरवली, प्रत्येकी साधारण दोन फूट बाय पावणेदोन फूट. एक डावीकडे, एक उजवीकडे, रेलिंगच्या पाइपला बिजागरीने. होडी बांधलेली असताना दोन्ही पंखांसारखी आडवी पसरायची, शीड चढवलं की खाली लोंबती सोडून बांधायची. आपल्या अक्षांशाला आडवं पॅनेल चालतं, उताराचा अट्टहास नको. दोन्ही पॅरलल जोडली, प्रत्येकीला स्वतंत्र डायोड, पुढे एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला जुळेल अशी देणारा. एकीवर सावली आली तरी दुसरी आपलं काम करते. स्क्रू आणि क्लॅम्प ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ वर खाऱ्या हवेत महिन्याभरात तांबूस डाग येतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि स्टील यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर, नाहीतर चौकट स्क्रूभोवती पांढरी पडून खाल्ली जाते.

सामान जमवून पुन्हा गेलो. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत वरचं काम उरकायचं होतं, कारण वारा सुटला की डुलत्या होडीवर ड्रिल धरणं म्हणजे बोट गमावणं. वायर आत नेताना साहेबांनी थांबवलं. आधीची प्लसची वायर होकायंत्राच्या मागून गेलेली, मायनस दुसऱ्या बाजूने. त्यांनी पंप चालू करून दाखवला, सुई चक्क हलली. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून नेल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. पिळल्या, सुई गप्प. छपरावर हे मला कधी करावं लागलं नव्हतं.

ओहोटी लागून होडी फिरली तेव्हा सगळे मीटरकडे बघत उभे. कंट्रोलरवर ४.१ चे ३.९ झाले, बस्स. चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीसेक अँपिअर-अवर मिळतील असा माझा अंदाज. रविवारी खर्ची पडलं तर मंगळवारपर्यंत भरून निघणार.

तांडेलकाकांनी मात्र पक्ष्यांचा मुद्दा काढला. हिवाळ्यात सीगल येतात, घारापुरीच्या लाँचवरचे प्रवासी त्यांना गाठ्या टाकतात, आणि पोट भरलं की ते जिथे टेकायला जागा तिथे टेकतात. शिट म्हणजे सेलवरची सावलीच. काकांनी पॅनेलच्या वर वीतभर अंतरावर तंगुसाच्या दोन तारा ताणून बांधल्या. पक्ष्याचे पाय अडकतात, तो बसत नाही. याहून स्वस्त उपाय मला सुचला नसता.

काही दिवसांनी साहेबांचा फोन. व्हीएचएफवर चॅनेल १६ ला, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर खरखर, आणि तीही फक्त दिवसा. एमपीपीटीच्या आत सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग चालतं, आणि कंट्रोलर लावला होता तिथूनच मागे रेडिओच्या अँटेनाची केबल नंतर कुणीतरी सरकवली होती. केबल दुसऱ्या बाजूने नेली, वायरींवर फेराइटचे मणी चढवले, खरखर गेली.

तिथेच साहेबांनी हळूच विषय काढला, एवढं जमलंय तर छोटा फ्रीज बसेल का? मी वहीवर आकडा मांडला. ४० वॅटचा फ्रीज दिवसातले बारा तास जरी चालला तरी ४० अँपिअर-अवर, म्हणजे आहे त्याच्या दीडपट पॅनेल फक्त त्याच्यासाठी. ‘लावू कुठे, ते तुम्ही दाखवा,’ म्हटलं. साहेब मागच्या रेलिंगकडे बघत राहिले.

‘ससून डॉकला बर्फ मिळतो,’ तांडेलकाका म्हणाले, ‘थर्माकोलची पेटी माझ्याकडं हाय.’