आमची वाटचाल: आधी सॉकेट, मग स्कोप

फोंड्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर २६ वर्षांपूर्वी मी दुरुस्तीचं टेबल मांडलं. भांडवल म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न, काट्याचा मल्टिमीटर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना २० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची वेव्ह पडद्यावर दाखवणारं उपकरण. तो स्कोप रात्रभर बसमध्ये मांडीवर घेऊन आलो होतो. धंद्याची अक्कल मात्र सोबत आली नव्हती.

पहिल्याच महिन्यात एका टीव्हीच्या एसएमपीएसची, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायची, वेव्ह बघायची होती. प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजणीच्या तारेची, मगरी क्लिप प्रायमरी (मेन्सकडच्या) बाजूच्या ग्राउंडला लावली आणि फट्कन आवाज होऊन क्लिपचा दात वितळला. स्कोपचा पत्रा, प्रोबची ती क्लिप आणि थ्री-पिन टॉपची अर्थ पिन आतून एकमेकांना जोडलेल्या असतात. टीव्हीचं ते ग्राउंड तर ब्रिज डायोडमधून थेट मेन्सवर बसलेलं. थोडक्यात, मी स्वतःच्या हाताने फेज जमिनीला टेकवला होता. हे आज कळतं. तेव्हा एका जुन्या मेकॅनिकला विचारलं, तर म्हणाला, "टॉपची मोठी पिन काढून टाक रे, सगळे तेच करतात." मी पक्कड घेऊन पितळी पिन मोडली, अंगणात फेकली. वेव्ह झकास दिसली.

तीन-चार दिवसांनी आबा चहा घेऊन आले. टेबलावर जागा नव्हती म्हणून स्टीलचा पेला स्कोपच्या डोक्यावर ठेवायला गेले. पेल्याचं बूड पत्र्याला टेकलं मात्र, पेला उडाला आणि आबा मागे खांबावर आदळले. पायात रबरी चपला होत्या म्हणून एवढ्यावर निभावलं. अर्थ तोडल्यावर तो अख्खा पत्रा टीव्हीच्या मेन्सवर चढून बसला होता, आणि मी त्याच्याशेजारी बसून रोज जेवत होतो. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी अंगणात शोधून त्यांनी ती पिन माझ्या टेबलावर आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नवा टॉप बसवला. अर्थ पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: आत शिरताना ती सर्वांत आधी लागते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. पुढे पैसे साठवून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला, मेन्सशी असलेली थेट जोड तोडणारा. तो स्कोपला लावायचा नसतो, दुरुस्तीला आलेल्या सेटला लावायचा असतो. स्कोपला लावायची चूक आजही शिकलेसवरलेले लोक करतात. आता तर डिफरन्शियल प्रोब मिळतो, तो ग्राउंडला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजतो, मग अर्थ तोडायचं काही कारणच उरत नाही.

टीव्हीची दुरुस्ती हळूहळू आटली. आम्ही कॉलेजांच्या लॅबना आणि वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांना उपकरणं पुरवायला लागलो. मधली दहा वर्षं कोटेशन, टेंडर आणि अडकलेली बिलं यांत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी गोष्ट एका शिक्षणसंस्थेच्या लॅबची. १६ स्कोप बसवले, आठवड्यात फोन: "तुमचे स्कोप मुलांना करंट मारतात, माल परत न्या." बिल अडवलं. जाऊन पाहिलं तर पत्रा आणि जमीन यांच्यात मीटर ११२ व्होल्ट दाखवत होता. आमच्या दुकानातल्या पोराने छोटा दिवा लावून पाहिला, पेटला नाही. तो म्हणाला, "दादा, मीटर खोटं बोलतो." मीटर खरं बोलत होता. अशा प्रत्येक उपकरणाच्या फिल्टरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगतो. एका स्कोपचा करंट मिलिअँपिअरच्या अंशात, हाताला जेमतेम जाणवणारा. इथे मात्र १६ जणांचे पत्रे एकाच हिरव्या तारेने जोडलेले. सगळ्यांचं मिळून दोन-अडीच मिलिअँपिअर, म्हणजे झिणझिण्या यायला पुरेसं. मग हिरवी तार धरून मागे गेलो. प्रत्येक सॉकेटमध्ये ती नीट लावलेली, पाइपातून सुबक नेलेली, आणि मेन बोर्डाच्या मागे तिचं वेटोळं करून ठेवलेलं. पुढे कशालाच जोडलेली नाही. वायरमन अर्थिंगचा खड्डा खणणार होता, तो राहून गेला होता.

खड्डा खणणंही आपल्याकडे सोपं नाही. मीटरभर माती गेली की चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो. जांभ्याचं पठार उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत, त्यात करंट मुरत नाही. तिथे अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कोळसा, मीठ असं सगळं शास्त्रोक्त घालूनही एप्रिलमध्ये अर्थ टेस्टर २२ ओहम दाखवत होता (हा आकडा जितका कमी तितकं चांगलं). अंतर ठेवून आणखी दोन खड्डे घेतले, तिन्ही पट्टीने जोडले, तेव्हा तो बराच खाली आला. पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगवर मी आता विश्वास ठेवत नाही. जुलैत गोव्यात कुठलाही खड्डा पास होतो.

त्यानंतर नियम केला: जागा पाहिल्याशिवाय उपकरण द्यायचं नाही. पाहणीला मल्टिमीटर आणि घरची ७५० वॉटची इस्त्री घेऊन जातो. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तीन रीडिंगं आधी घ्यायची. मग त्याच सर्किटवर इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थ पुन्हा बघायचं. एखाद्या व्होल्टने वाढलं तर ठीक, सहा-सातने उडालं तर न्यूट्रलचा सांधा कुठेतरी सैल आहे. आणि इस्त्री तापली तरी काटेकोर शून्यच राहिलं तर मी सॉकेट उघडतो. बहुतेक वेळा आत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा तुकडा टाकलेला सापडतो. मागची न्यूट्रल तुटली की अशा सॉकेटवरच्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो.

न्यूट्रल तुटणं ही इथे कल्पनेतली गोष्ट नव्हे. वादळी वाऱ्यात माडाचं चुडत तारांवर पडलं की एका घरात दिवे मंद आणि शेजाऱ्याकडे ३०० च्या वर व्होल्टेज. म्हणून बोर्डात सर्ज अरेस्टर आणि जास्त व्होल्टेज आलं की तोडणारा रिले, दोन्ही बसवून घेतो. अरेस्टर विजेचा झटका पेलतो, तासभर चढलेलं व्होल्टेज त्याला झेपत नाही, तो जळून जातो.

वास्कोच्या एका गिऱ्हाइकाने अमेरिकेतून जुना पॉवर सप्लाय आणला होता. मागचा सिलेक्टर ११५ वर, लावला २३० ला. फ्यूज गेला, तोवर काही बिघडलं नव्हतं. कुणीतरी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली आणि ट्रान्सफॉर्मर गेला. नवी उपकरणं बहुधा १०० ते २४० आपसूक घेतात, पण जड ट्रान्सफॉर्मरवाली घेत नाहीत. सिलेक्टर फिरवला की फ्यूजही बदलावा लागतो: ११५ ला २ अँपिअर असेल तर २३० ला १.

पावसाळ्यात आमची गाडी एसी लावून जाते. थंड उपकरण दमट खोलीत उघडलं की आत दव धरतं, म्हणून खोका न उघडता दोन-तीन तास तसाच ठेवतो, मग स्विच. गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं. बसू दे.

या पाहणीपायी ऑर्डरी गेल्या आहेत. "बाब, तुम्ही स्कोप विकता की वायरिंग?" असंही ऐकलंय. आज आम्ही पाच जण आहोत, दुकान बाजारात आहे, ओसरीवर आता आबांची खुर्ची असते.

परवा कुंडईला पाहणी करून आलो. सॉकेट पिवळे पडलेले, एका एक्स्टेंशनवर दुसरं एक्स्टेंशन. अर्थिंगसकट भाव दिलाय, अजून फोन नाही. इस्त्री मात्र गाडीतच राहिली, आणि सकाळी बायको विचारत होती की शाळेचा युनिफॉर्म आता कशाने करू.