समासातली पेन्सिल

चिवड्याचा डबा भरायला घेतला, तर बुडाला एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली. लेकीचं अक्षर, इंग्रजीत. अर्थ असा: 'ही खोटं बोलतेय आणि तिला ते माहीत आहे.' गेल्या आठवड्यात आपण तिच्याशी काय काय बोललो ते मी भराभर आठवून पाहिलं. मग उलगडा झाला. एपी लिट, म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी साहित्याचा विषय. कुठल्या तरी पुस्तकातल्या कुठल्या तरी बाईबद्दलची चिठ्ठी पान सोडून चिवड्याकडे आली होती.

ज्यांची मुलं इथे न्यू जर्सीत बारावीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. या घरात एपी कॅल्क्युलस आलं, फिजिक्स आलं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. लिटरेचर घेतलंय म्हटल्यावर मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक काकू माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता म्हणाल्या, "का गं, सायन्स झेपत नाही का तिला?"

नवऱ्याने विषय समजून घेण्याआधी परीक्षा समजून घेतली. पहिल्या तासात ५५ प्रश्न, म्हणजे एकाला पासष्ट सेकंद. पुढच्या दोन तासांत तीन निबंध: एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर, आणि तिसरा आपण वाचलेल्या एखाद्या तोलामोलाच्या पुस्तकावर, पुस्तक हाताशी नसताना. प्रत्येक निबंधाला सहा गुण. मुद्दा नीट मांडला की एक, पुरावे आणि त्यांवरचं भाष्य यांना चार. उरलेला एक 'सोफिस्टिकेशन'चा. इथे त्याची गाडी अडली.

"म्हणजे नेमकं लिहायचं काय?"

"बाबा, ते लिहायचं नसतं. ते दिसायला लागतं."

तो उठला आणि गवत कापायला गेला. मेमध्ये परीक्षा, जुलैमध्ये एक ते पाचमधला एक आकडा, आणि पाच आले तरी कॉलेजात कोर्स माफ होणार की नाही ते त्या कॉलेजच्या मर्जीवर. एवढ्या अंधारात इंजिनिअर माणसाने करावं तरी काय?

माझी अडचण वेगळीच होती. ती पुस्तकांत लिहिते. पेनने! तीन रंगांचे हायलायटर, समासात बाण, उद्गारचिन्हं, एका पानावर तर अख्खा परिच्छेद चौकटीत. शाळेच्या मालकीच्या पुस्तकात लिहायला बंदी, म्हणून तिथे या चिठ्ठ्या; स्वतःच्या प्रतीत मोकळं रान. आणि या रेघोट्यांना टीचर मार्क देतात. पुस्तकाला पाय लागला तर अजूनही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. तिच्या टेबलाशी गेले की मी सरळ खिडकीबाहेर बघते.

आमच्याकडे कोल्हापूरला जून म्हणजे खाकी कागद आणि कणकेची खळ. नाना ओटीवर बसून सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालायचे. कोपरा तिरका कापून कागद असा आत दुमडायचे की वर्षभर सुटायची बिशाद नाही. पुस्तक दादाचं झालं की माझं, माझं झालं की निम्म्या किमतीत शेजारच्या धाकटीचं. त्यामुळे आत पेन चालवायचं नाही. पेन्सिल चालेल, पण वार्षिक परीक्षा संपली की खोडरबर घेऊन बसायचं आणि पान न् पान साफ करायचं. दादा ते काम अंगचोरपणे करायचा, शिवाय पेन्सिल दाबून लिहायचा. अक्षरं जायची, वळ राहायचे. पान उजेडाकडे तिरकं धरलं की सगळं वाचता यायचं. 'औदुंबर' कवितेच्या समासात असंच उमटलं होतं: 'झाड = योगी. ४ मार्क.' मीही तेच लिहिलं. शेजारच्या धाकटीनेही लिहिलं असणार.

सप्टेंबरात शाळेत पालकांची संध्याकाळ असते. आपण मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गांत फिरायचं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं बसायचं. लिटच्या टीचर म्हणाल्या, घरी उत्तरं देऊ नका, नुसतं विचारा. मला हायसं वाटलं, कारण माझ्याकडे उत्तरं नव्हतीच. तेव्हापासून माझं काम ठरलं. रात्री ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसते आणि बोलते, मी उद्याचं निवडटिपण करता करता "मग?" म्हणते. फारच अडलं तर "कशावरून?" म्हणते. या दोन प्रश्नांवर आमचं वर्ष निभावलं आहे.

कोणती पुस्तकं वाचायची ते कॉलेज बोर्ड, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, ठरवून देत नाही, ते टीचरवर असतं. यंदा टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' होती. गुलामीतून पळून आलेली आई, पकडणारी माणसं अंगणात आल्यावर आपल्या लहानग्या मुलीला स्वतःच्या हाताने मारते. कादंबरी १९८७ची, पण तिच्या मुळाशी खरी बाई आहे: १८५६मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून पळालेली मार्गारेट गार्नर. मी लसूण सोलत होते, ते राहूनच गेलं.

"अगं, पण आई असून..."

"आई, थांब. बरोबर की चूक ते नंतर. तो सीन पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांनी दिसतो माहितीये? पकडायला आलेल्या माणसांच्या. तिच्या नाही."

"मग?"

"मग काय! आधी आपण त्यांच्या बाजूला उभे असतो. आपल्याला कळायच्या आत."

सतरा वर्षांची मुलगी. खायला काय आहे हे विचारायच्या सुरात तिने हे सांगितलं आणि फ्रिज उघडला. त्या रात्री मला बराच वेळ झोप नव्हती.

नंतर कधीतरी तिने विचारलं, तुम्हाला स्कूलमध्ये पोएट्री होती का. होती म्हणजे? पाठ आहे! म्हणून दाखवली, 'औदुंबर', आठच्या आठ ओळी. तिला निम्मे शब्द अडले, म्हणून हाताने चित्र काढल्यासारखं सांगितलं: दोन्ही काठांवर हिरवळ, मधून झरा, पलीकडे टेकडीशी चार घरांचं गाव, शेतमळे, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट, ती कुरणातून चाललीये काळ्या डोहाकडे, आणि तिथे पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. मग आमचे सर सांगायचे तसा आवाज खाली आणून बाकीचंही सांगितलं. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठाविशीही गाठली नव्हती. म्हणून तो काळा डोह म्हणजे मृत्यू. सरांच्या वर्गात इथे हमखास शांतता पसरायची.

"कविता लिहिताना त्यांना हे माहीत होतं?"

"नाही. कसं असेल?"

"मग ते बाजूला ठेव."

मला जरा रागच आला. बालकवींना बाजूला ठेव म्हणे! पण ती आधीच बोटं मोजत होती.

"गाव आहे. घरं आहेत. शेतं आहेत, वाट आहे. माणसं कुठेयत?"

मी मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. गाव आहे, पण दारात कोणी नाही. शेतात कोणी नाही. कुरण आहे, त्यात एक गायसुद्धा नाही. पायवाट नुसती वाटच आहे, तिच्यावरून कोणी येत नाही की जात नाही. इतकी वर्षं ही कविता मी भांडी घासताना म्हणते, बसमध्ये म्हणते, आणि ते गाव माझ्या डोळ्यांपुढे कायम भरलेलं होतं. त्यात आमच्या आत्याच्या गावची माणसं मीच नेऊन ठेवली होती.

"आणि बसलंय कोण? झाड," ती म्हणाली. "सगळ्या पोएममध्ये बसायला एक झाड. मग हे सगळं बघतंय कोण?"

माझ्याकडे "मग?"सुद्धा नव्हतं. ती खाली उतरली, तिला चाळीस मिनिटं लावून एक निबंध टाइप करायचा होता.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, दादाला फोन लावला आणि हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. कविता मनात म्हणून पाहत असावा.

"माणूस नाही? एकही?"

"बघ की."

"नाही खरंच." मग जरा थांबून, "पण आपल्याला योगी लिहिलं की चारपैकी चार पडायचे."